चकलीतलं ‘ते’

आमच्या गिरणीवाल्याने परवा पाटी लावली, ‘भाजणी दुपारनंतरच.’ सकाळी गहू-बाजरी आणि दुपारनंतर भाजणी, कारण चकलीच्या भाजणीमागून ज्याचा गहू गिरणीत पडतो, त्याच्या घरच्या पोळ्यांना धन्या-जिऱ्याचा वास येतो आणि मग लोक येऊन भांडतात. मी मात्र मुद्दाम भाजणीच्या मागे माझा डबा लावते. तो दर वर्षी बजावतो, “मावशी, पोळ्यांना वास येईल हं.” मी म्हणते, “येऊ दे रे बाबा, त्यासाठीच तर आले.” त्याला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. मग कोमट पिठाचा डबा कडेवर घेऊन मी रमतगमत घरी येते.

दिवाळीपेक्षा मला हे दिवाळीच्या आधीचेच दिवस जास्त आवडतात. नाशिकचं ऊन दुपारी अजून चटके देत असतं, पण पहाटे पायाशी चादर ओढावीशी वाटते. वणीच्या गडावरून नवरात्राची गर्दी उतरलेली असते, बाजारात सीताफळं येतात, शहराबाहेर द्राक्षबागांमध्ये छाटण्या सुरू होतात आणि हिरव्यागार बागा बघता बघता बोडक्या दिसायला लागतात. शेवंतीला कळ्या धरतात. काहीतरी व्हायचं आहे, पण अजून झालेलं नाही, अशी ती हवा असते. लहानपणी मी या हवेत नुसती दारात उभी राहायचे. अजूनही राहते.

अशीच उभी होते, तर वरच्या मजल्यावरची रश्मी खाली आली. नवं लग्न झालेली मुलगी, कपाळाला पीठ लागलेलं, हातात मोबाईल. म्हणाली, “काकू, यात सांगितलंय की मोहन घाला. मोहन म्हणजे नक्की किती?”

मी सांगितलं, “वाटीभर पिठाला चमचाभर तेल, पण कडकडीत तापवून.” ती पळाली आणि मी जिन्याचा कठडा धरून तिथेच राहिले. पिठात गरम तेल किंवा तूप घालतात त्याला मोहन म्हणतात, त्याने चकली खुसखुशीत होते, एवढंच त्या शब्दाचं काम. आमच्या घरात हा शब्द आई सोडून सगळे म्हणायचे.

कारण माझ्या वडिलांचं नाव मोहन होतं.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही आईच्या पिढीची रीत. आई ती इतकी काटेकोर पाळायची, की तेलाचंही नाव तिला घेववत नसे. तिच्या चकल्या सगळ्या गल्लीत नावाजलेल्या. काटा अन् काटा सुटलेला, तोंडात टाकली की विरघळायची. बायका कृती विचारायला यायच्या. आई तांदूळ किती, डाळी किती, भाजायचं किती, सगळं सांगायची आणि मग अडखळायची. “आणि मग... ते घालायचं.” “ते म्हणजे काय?” “अगं, ते. तापवून घालतात ते.” आणि पदर तोंडाला लावून हसायची.

तेव्हाचं आमचं इंदिरानगर आत्ताचं नव्हे. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. मोकळे प्लॉट, बाभळी आणि मधेमधे बैठ्या घरांच्या ओळी. घर दोन खोल्यांचं आणि अंगण मात्र घराएवढंच. दोन अंगणांमध्ये कमरेएवढी विटांची भिंत. ही भिंत बांधली कशाला होती देव जाणे, कारण तिच्यावरून सारखं काहीतरी इकडचं तिकडे जातच असायचं. कढीपत्ता, विरजण, मांजरीची पिल्लं आणि मी.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते सिन्नरला एका कारखान्यात नोकरीला होते. सकाळच्या एस.टी.ने जायचे, संध्याकाळी यायचे आणि आल्याबरोबर चपलाही न काढता बागेत शिरायचे. शेवंती, गुलाब, लिंबू, पेरू, मांडवावर तोंडल्याचा वेल. आणि एक द्राक्षाचा वेल, त्यांचा लाडका आणि अगदीच नाठाळ. वर्षाला जेमतेम मूठभर घड यायचे, तेही आंबट ढाण. नाना ते घरोघर वाटायचे आणि लोक बिचारे डोळे मिटून खायचे.

त्या वेलावर बोरस्तेमावशींचा भारी राग. त्या आमच्या डाव्या बाजूला राहायच्या. निफाडकडच्या शेतकरी घरातल्या, माहेरी द्राक्षबागा, यजमान इथे बाजार समितीत. त्यांचा आवाज असा की कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना घरातूनच भाव सांगायचा. “भाऊ, आवं छाटा त्याला!” त्या नानांना म्हणायच्या. “दिवाळीच्या आधी कात्री लावल्याबिगर घड येत नाय. तुम्ही नुसतं लाड करता.” नानांना छाटवत नसे. दोन-चार काड्या कापायचे आणि कात्री खिशात घालायचे.

उजवीकडे पगारेकाकू. प्राथमिक शाळेत बाई होत्या, त्यांची भाषा नीटस आणि कपाळावर चष्मा. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, लक्ष्मीपूजन नसायचं. पण शाळेला सुटी लागली की त्यांची दोन्ही मुलं चकली मागायचीच. “सुटी आहे म्हणजे चकली आहे,” काकू म्हणायच्या, “पूजा तुम्ही करा, तळण आपण मिळून करू.” वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर भिंतीवरून आमच्याकडे यायची. भर उन्हाळ्यात, थंडगार, वेलदोड्याची. आमच्या घरी कधीच तशी खीर जमली नाही.

चकल्यांचा दिवस ठरलेला असायचा, दिवाळीच्या आधीचा रविवार, कारण नाना घरी असायचे. आमच्या मागच्या अंगणात पेरूखाली स्टोव्ह मांडायचे. आई कढईशी, पगारेकाकू सोऱ्या दाबायला, बोरस्तेमावशी देखरेखीला, आणि आम्ही मुलं मोडक्या चकल्या खायला. पेरूच्या पानांतून ऊन परातीत पडायचं. स्टोव्हचा एकसुरी आवाज, तेलाचा वास, मधेच शेवंतीचा उग्र-गोड वास. मला अजून कधी कधी दुपारच्या झोपेत तो आवाज ऐकू येतो आणि जाग येऊ नये असं वाटतं.

आणि पीठ भिजवायच्या आधी मावशी हटकून ओरडायच्या. “वहिनी, मोहन घातलं का?”

लगेच द्राक्षाच्या वेलाआडून नानांचा आवाज यायचा, “आलो, आलो!”

सगळ्या बायका हसून लोटपोट. आई लाल. “तुम्ही तुमच्या शेवंतीकडे बघा,” ती झाऱ्याने दटावायची. दर वर्षी तोच विनोद, त्याच जागी, आणि दर वर्षी आम्ही त्याची वाट बघायचो. मला तर वाटतं, आई मुद्दामच ते तेल जरा उशिरा घालायची.

पगारेकाकूंनी एकदा तिला गाठलंच. “ताई, शाळेत मी मुलांना काय शिकवते? नामाच्या ऐवजी येतं ते सर्वनाम. तुमचं हे ‘ते’ सर्वनाम झालं. आता नाम सांगा.”

“जा बाई, मी काही तुमच्या वर्गात नाही,” आई म्हणाली.

नाव घ्यायची आईची एकच जागा होती, उखाण्याची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका अडवून धरायच्या. मग ती मान खाली घालून, एका दमात, गाडी पकडायची असल्यासारखी म्हणायची, “शेवंतीच्या वाफ्याला पाणी घालते वाकून, मोहनरावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून.” ‘मोहनराव’ म्हणताना तिचा आवाज बदलायचा. तो एक शब्द ती हळू म्हणायची.

गंमत अशी, की जे नाव ती घेत नव्हती ते नाव सगळ्या गल्लीत फिरत असायचं. आमच्या स्टीलच्या ताटांच्या कडेवर कोरलेलं होतं, ‘सौ. सुशीला मोहन’ आणि पुढे आडनाव. दिवाळीत ही ताटं फराळ घेऊन घरोघर जायची, लोकांची आमच्याकडे यायची. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम. करंज्या गेल्या तर शंकरपाळे यायचे, काहीच नसलं तर निदान साखर यायची. कोणाचं ताट कोणाच्या फडताळात आहे हे नावं वाचून कळायचं. मला अक्षरं लागली ती निम्मी त्या ताटांवरून.

आणि मग एका वैशाखात नाना गेले. संध्याकाळी नेहमीसारखे एस.टी.तून उतरून आले, नेहमीसारखे बागेत शिरले, आणि तिथेच खाली बसले ते उठले नाहीत. एवढंच झालं. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

घरात माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीला कढई चढवायची नाही, तळण करायचं नाही. फराळ शेजारीपाजारी आणून देतात. आमच्याकडे इतका आला, की ठेवायला डबे पुरेनात. आई प्रत्येक ताट परत करताना त्यात बागेतलं काहीतरी घालायची. लिंबं, पेरू, शेवंतीची फुलं. गोड नाही, तळलेलं नाही, पण रिकामंही नाही. मी ती ताटं पोचवायचे आणि लोक दारात माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. मला ते आवडायचं नाही.

त्या काळात हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गल्लीतून ‘मोहन’ हा शब्दच नाहीसा झाला होता. आमच्यासमोर कोणी तो उच्चारत नव्हतं. मावशींकडे शंकरपाळ्यांचं पीठ मळताना मी आणि आई बसलो होतो. मावशींनी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, “ते... ते घातलं मी मगाशीच.” त्या एवढ्या गरजत्या बाई, आणि आईचं ‘ते’ म्हणाल्या. सगळ्यांचंच तसं झालं. तिला दुखू नये म्हणून, मायेपोटीच. पण आई नाव घेत नव्हती तेव्हा ते नाव सगळीकडे होतं. आता कुठेच नव्हतं. आणि हळदीकुंकवाला तिला बोलावणं येणार नव्हतं, म्हणजे उखाणाही संपला. तिची ती एवढीशी जागाही गेली. ज्या माणसाचं नाव उभ्या जन्मात तिने धड घेतलं नव्हतं, ते घेण्याची सोयच आता उरली नव्हती.

वर्ष सरलं. पुन्हा हीच हवा आली, पहाटेचा गारवा, गिरणीचा वास. रीतीप्रमाणे आता कढई चढवायला हरकत नव्हती. मी विचारलं, “आई, भाजणी कधी करायची?”

“यंदाही नको गं,” ती म्हणाली.

कढई माळ्यावरच राहिली. बागेत पाणी घालायला कोणाला उत्साह नव्हता. शेवंती वाळली होती, पेरूला फळ नव्हतं, द्राक्षाच्या वेलाचं नुसतं जंगल झालं होतं. लोकांकडून फराळाची ताटं यायला लागली आणि आमच्या ओट्यावरच थांबायला लागली, कारण परत करताना घालायला बागेत काही नव्हतं आणि साखर घालायचंही आईला सुचत नव्हतं. ‘सौ. लीला बोरस्ते.’ ‘पगारे.’ एकावर एक ताटं साचत होती. मी रोज ती नावं वाचायचे. वाटायचं, आता आपल्या घरात कढई कधीच चढणार नाही. यंदा नको, पुढच्या वर्षी नको, असंच म्हणत आई सगळ्यालाच नको म्हणून बसेल, आणि आम्ही कायमचे दुसऱ्यांचा फराळ खाणारं घर होऊन राहू. मला आई परत हवी होती. चकल्या हे आपलं निमित्त.

दिवाळीच्या आधीचा रविवार आला. सकाळी बोरस्तेमावशी न विचारता आमच्या अंगणात आल्या, हातात माहेरून आणलेली छाटणीची कात्री. “ह्याला आता मीच बघते,” म्हणून द्राक्षाच्या वेलाला भिडल्या. आई पायरीवर बसून बघत राहिली. काड्या पडण्याचा कटकट आवाज येत होता.

तेवढ्यात भिंतीला वळसा घालून पगारेकाकू आल्या. एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात बशीत तीन-चार चकल्या.

“ताई, बघा हो काय झालंय. सगळं तुमच्याच मापाने घेतलं. पण जमलं नाही.”

आईने चकली मोडून पाहिली, मोडेना. दाताखाली धरली. कट्ट झालं. दगड होता नुसता. तिने कपाळाला आठी घातली, दीड वर्षात पहिल्यांदा ती आठी, कढईपुढची. “बाई, अहो यात ते घालायचं राहिलंय.”

“काय राहिलं?”

“ते.”

“ते म्हणजे?” काकू खाली तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “नाम सांगा ताई.”

वेलावरची कात्री थांबली. आई त्या चकलीच्या तुकड्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही उठून आत जाईल. मला काकूंचा राग आला, भीतीही वाटली.

“मोहन,” आई म्हणाली. “मोहन नाहीये.”

हळू म्हणाली, उखाण्यात म्हणायची तसंच. आणि म्हणून झाल्यावर तिने मान वर करून वेलाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मी तर खरंच कान देऊन ऐकत होते. वेल जवळजवळ पूर्ण छाटून झाला होता, त्याच्याआड कोणीच लपू शकलं नसतं. तिथे फक्त बोरस्तेमावशी उभ्या होत्या, कात्री पोटाशी धरून, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

आई रडली. तेराव्यालाही रडली नव्हती तेवढी रडली, काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून, हातात तो तुकडा तसाच घट्ट धरून. काकूंनी तिला रडू दिलं. मग बऱ्याच वेळाने शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “मग आता घालू या का? पण माझ्याकडचं रॉकेल संपलंय. तुमच्याच स्टोव्हवर करावं लागेल.”

मी माळ्यावर चढले आणि कढई काढली. तिच्यावर धूळ होती, मी ती आधी राखेने आणि मग नुसत्या हातानेच घासत राहिले.

पेरूखाली स्टोव्ह मांडला. काकूंच्या डब्यातलं कोरडं पीठ परातीत घेतलं, पळीत तेल तापवलं. “मोहन कडकडीत हवं,” आई म्हणाली. तेल पिठात पडलं, चर्र झालं आणि तो वास आला. “बघा, असं मोहन पडल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे.” मग पुन्हा, “मोहन जास्त झालं तर चकली तेलात तुटते.” मग पुन्हा, “मोहनाचं माप चुकवायचं नाही, बाई.” त्या दुपारी ती तो शब्द सारखा म्हणत होती, गरज असताना म्हणत होती आणि नसतानाही. काकू सोऱ्या दाबत “हो का?” “असं का?” म्हणत होत्या, जणू काही पहिल्यांदाच शिकत होत्या.

संध्याकाळी सगळी साचलेली ताटं भरून परत गेली. मी पगारेकाकूंकडे ताट घेऊन गेले तर त्यांच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह चांगला फुरफुरत होता, शेजारी रॉकेलचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. आणि ओट्यावर एक डबा उघडा होता, चकल्यांचा. मी एक उचलली. खुसखुशीत होती, अगदी आईच्या हातची वाटावी अशी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. “आईला सांगायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. मी नाही सांगितलं. पण मला वाटतं, आईला माहीत होतं. इतकी वर्षं तिच्याकडून शिकलेली बाई नेमकं तेवढंच कशी विसरेल?

पुढच्या उन्हाळ्यात वेलाला घड आले, पहिल्यांदाच चांगले भरगच्च. आंबट ते आंबटच राहिले. आम्ही ते घरोघर वाटले आणि लोकांनी डोळे मिटून खाल्ले.

आता तिथे ना भिंत आहे ना वेल, बिल्डिंग आहे आणि तिच्या तळमजल्यावर मी आहे. आई गेली, काकू मुलाकडे गेल्या, मावशींचा आवाज तेवढा फोनवर अधूनमधून येतो, फोन कानापासून लांब धरावा लागतो. आई शेवटपर्यंत दर दिवाळीला चकल्या करायची. पीठ भिजवायच्या आधी तीच मोठ्याने विचारायची, “मोहन घातलं का गं?” आणि मग क्षणभर थांबायची, मान किंचित तिरकी करून, बागेच्या दिशेने. मग पीठ मळायला घ्यायची. आम्हीही तेवढ्यापुरते थांबायचो.

परवा रश्मी वर पळाल्यावर बराच वेळ मी कठड्याशीच उभी होते. वरून तेलाचा वास यायला लागला. मला एकदम काळजी वाटली, पोरीने तेल नीट तापवलं असेल ना. आणि मग, काय झालं कोण जाणे, मी जिन्यात तोंड वर करून ओरडले, पार बोरस्तेमावशींच्या आवाजात, “मोहन घातलं का?”

आणि सवयीने थांबले.

वर दार उघडल्याचा आवाज झाला, बांगड्या वाजल्या. तिला मी काय विचारलं ते ऐकू गेलं नसावं, हाक तेवढी गेली असावी.

“आले, आले!” रश्मी म्हणाली.